कोणी कसे मत दिले?

वाचकहो, ग्रामसभेत ठराव कसा मंजूर होतो हे तुम्हांला मी सांगायला नको. सरपंच कागद वाचून दाखवतात आणि विचारतात, "मंजूर?" पुढच्या रांगेतून चार-दोन आवाज येतात, "मंजूर, मंजूर!" ग्रामसेवक वहीत लिहून टाकतात, 'सर्वानुमते मंजूर'. सभा संपते, मंडळी घरोघर जातात. पुढे वर्षा-दोन वर्षांनी त्या ठरावाची झळ कोणाला तरी लागते आणि मग पारावर चर्चा सुरू होते, "अहो, हा ठराव केला तरी कोणी?" त्या वेळी मात्र जो तो म्हणतो, "मी नव्हतो बुवा!" वहीत नावे नसतात. त्यामुळे खरे कोण आणि खोटे कोण, हे कळायला मार्ग राहत नाही.

गावच्या ठरावाची ही गोष्ट, तशीच देशाच्या कायद्याचीही आहे. त्यातूनही फौजदारी कायद्याची विशेष. कराचा कायदा आपल्या खिशाला हात घालतो. पण फौजदारी कायदा माणसालाच घरातून उचलून नेतो. कोणाला धरावे, आरोप न सांगता किती दिवस कोंडून ठेवावे, खटला कोणत्या न्यायालयापुढे चालवावा, अपील द्यावे की न द्यावे, या गोष्टी ज्या सभागृहात ठरतात तेथे आपण पाठवलेली माणसे बसलेली असतात. त्यांनी हात वर केला की नाही, हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. तो हक्क बजावायचा कसा, हे जुन्या चार-पाच प्रसंगांवरून पाहू या.

पहिला प्रसंग 1919 सालचा. पहिले महायुद्ध नुकतेच संपले होते. युद्धकाळात सरकारच्या हाती भारतसंरक्षण कायद्याचे जबर हत्यार होते. युद्ध संपल्यावर ते म्यानात जाणार, ही सरकारला चिंता. म्हणून न्यायमूर्ती रौलट यांच्या समितीने केलेल्या शिफारशींवरून दोन विधेयके तयार झाली. त्यांपैकी एक पुढे बाजूला पडले. दुसरे 6 फेब्रुवारी 1919 रोजी गृहखात्याचे सभासद सर विल्यम व्हिन्सेंट यांनी दिल्लीच्या कौन्सिलात मांडले. संशयितास खटल्यावाचून अटकावून ठेवता यावे, तीन न्यायाधीशांच्या खास न्यायालयापुढे बंद दाराआड खटला चालवता यावा आणि त्या निकालावर अपील नसावे, असा त्याचा मथितार्थ. लोकांनी त्याचे वर्णन सहा शब्दांत केले: 'ना वकील, ना दलील, ना अपील'.

आता त्या कौन्सिलाची रचना कशी होती ती ध्यानात घ्या. 1909 च्या सुधारणांनी काही हिंदी सभासद निवडून येऊ लागले होते, पण सरकारी अधिकाऱ्यांचे बहुमत मुद्दाम राखून ठेवलेले होते. अधिकाऱ्याने मत कोणाला द्यायचे हे त्याच्या मनावर नव्हते. सरकार सांगेल तिकडे हात वर. म्हणजे भाषणे कितीही चांगली झाली, तरी निकाल आधीच लागलेला.

तरीही भाषणे झाली. पुण्याच्या भारत सेवक समाजाचे अध्यक्ष श्रीनिवास शास्त्री एरवी नेमस्त, मवाळ वाणीचे. पण त्या दिवसांतले त्यांचे भाषण सरकारच्या चांगलेच वर्मी लागले. पंडित मदनमोहन मालवीय, विठ्ठलभाई पटेल, मुंबईच्या मुसलमानांचे प्रतिनिधी बॅरिस्टर जीना, सारे विरोधात उभे राहिले. कलमागून कलमावर दुरुस्त्या सुचवल्या गेल्या आणि एकामागून एक पडल्या. सरकारने एवढेच केले, की कायद्याची मुदत तीन वर्षांची ठरवली. शेवटी 18 मार्च 1919 रोजी मते मोजली गेली. बाजूने 35, विरुद्ध 20. निवडून आलेल्या हिंदी सभासदांपैकी एकानेही बाजूने मत दिले नाही.

वाचकहो, या आकड्यांकडे नीट पाहा. नुसते 35 आणि 20 वाचले तर वाटेल, बहुमताने कायदा झाला, त्यात वावगे काय? पण ती 35 मते कोणाची, ही चौकशी केली की पडदा दूर होतो. ज्या लोकांवर कायदा चालायचा, त्यांनी निवडलेल्यांचे त्यात एकही मत नाही. म्हणून मताची तपासणी करताना पहिला प्रश्न हा: मत देणारा मोकळा होता का? नोकरीने, पक्षाने किंवा हुकमाने बांधलेला हात वर झाला, तर तो हात त्या माणसाचा कमी आणि बांधणाऱ्याचा जास्त.

दुसरा प्रश्न असा: मत दिल्यावर त्याने काय केले? विरुद्ध मत देऊन खुर्चीवर परत बसणे सोपे आहे. कायदा मंजूर होताच मालवीय, जीना आणि बिहारचे मजहरुल हक यांनी कौन्सिलातील आपल्या जागांचे राजीनामे दिले. लोकमान्य टिळक त्या वेळी विलायतेत होते. गांधीजींनी सत्याग्रहाची हाक दिली आणि 6 एप्रिलला देशभर हरताळ पडला. शास्त्रीबुवांनी विरोध केला, पण सत्याग्रहाचा मार्ग त्यांना पटला नाही. म्हणजे मत एकच. पण मताच्या पुढची वाट प्रत्येकाची निराळी. आठवडाभरातच 13 एप्रिल उजाडला आणि अमृतसरला जालियनवाला बागेत गोळ्या झडल्या. गंमत म्हणा की दैवदुर्विलास म्हणा, ज्या कायद्यापायी एवढा अनर्थ झाला तो प्रत्यक्षात वापरलाच गेला नाही, आणि 1922 साली रद्दही झाला.

येथे एक सावधगिरीची गोष्ट सांगतो. जीनांचे पुढचे राजकारण कोठे गेले हे सर्वांस ठाऊक आहे. तेवढ्यावरून 1919 च्या पानावरील त्यांचे मत आणि राजीनामा खोडून टाकावा काय? नाही. दुकानदाराची खतावणी पाहा. गिऱ्हाइकाशी पुढे भांडण झाले म्हणून त्याने मागे भरलेले रुपये वहीतून खोडत नाहीत. जमा ती जमा, नावे ते नावे. इतिहासाचा हिशेबही याच सचोटीने ठेवला पाहिजे.

दुसरा प्रसंग 1928 सालचा. आता दिल्लीत मध्यवर्ती कायदेमंडळ होते आणि त्यात निवडून आलेल्यांची संख्या पूर्वीपेक्षा पुष्कळ वाढली होती. अध्यक्षाच्या खुर्चीवर बसले होते तेच विठ्ठलभाई पटेल, आता लोकप्रतिनिधींनी निवडलेले पहिले हिंदी अध्यक्ष. सरकारने 'पब्लिक सेफ्टी बिल', म्हणजे सार्वजनिक सुरक्षिततेचे विधेयक आणले. कामगार चळवळीत भाग घेणाऱ्या परदेशी साम्यवाद्यांना खटल्यावाचून देशाबाहेर काढता यावे, हा त्याचा उद्देश. सप्टेंबर 1928 मध्ये मते मोजली तर काय! दोन्ही बाजूंची पारडी अगदी समसमान. अशा वेळी निर्णायक मत अध्यक्षाचे. विठ्ठलभाईंनी ते विधेयकाच्या विरुद्ध टाकले आणि विधेयक पडले.

एका मताने काय होणार, असे आपण मतदानाच्या दिवशी सहज म्हणून जातो. त्या दिवशी सभागृहात एका मतानेच झाले. सरकारने विधेयक पुन्हा आणले. 8 एप्रिल 1929 रोजी अध्यक्ष त्यावर आपला निर्णय सांगणार, तोच भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी सभागृहात बाँब टाकले. कोणाचा जीव घेण्याचा त्यांचा हेतू नव्हता. बहिऱ्यांना ऐकू जावे म्हणून हा आवाज, असे त्यांनी टाकलेल्या पत्रकाचे म्हणणे होते. त्यानंतर काही दिवसांतच विठ्ठलभाईंनी विधेयक नियमबाह्य ठरवले, आणि व्हाइसरॉयने वटहुकूम काढून सभागृहात न मिळालेली सत्ता खिशातून काढावी तशी काढून घेतली. येथे मते मोजायची वेळच आली नाही. तेव्हा वटहुकूम निघाला की तो कोणाच्या सहीने निघाला, तेही वहीत लिहून ठेवावे लागते.

आता तिसरा प्रसंग, आणि हा अवघड आहे. कारण येथे परके सरकार नाही, आपलेच आहे. 26 जानेवारी 1950 रोजी राज्यघटना अंमलात आली. तिला महिनाही झाला नव्हता, तोच 25 फेब्रुवारीला हंगामी संसदेपुढे प्रतिबंधक स्थानबद्धतेचे विधेयक आले. गुन्हा घडण्याआधीच, घडेल या संशयावरून, खटल्यावाचून माणसाला अटकेत ठेवण्याचा हा कायदा. त्याच दिवशी चर्चा आणि त्याच दिवशी मंजुरी. विधेयक मांडणारे गृहमंत्री कोण? सरदार वल्लभभाई पटेल. म्हणजे ज्या विठ्ठलभाईंनी 1928 साली खटल्यावाचून हद्दपारीचे विधेयक आपल्या एका मताने पाडले, त्यांचे सख्खे धाकटे भाऊ!

हे वाचून कोणी चटकन म्हणेल, "बघा, खुर्चीवर बसले की सगळे सारखेच, पळसाला पाने तीनच." पण थांबा. न्याय करायचा तर दोन्ही बाजू ऐकल्या पाहिजेत. फाळणीच्या जखमा ओल्या होत्या, तेलंगणात सशस्त्र उठाव चालू होता, नवे राज्य जेमतेम उभे राहत होते. सरदारांनी सभागृहात सांगितले, की हे विधेयक आणण्याआधी दोन रात्री आपल्याला झोप लागली नाही. ज्यांनी स्वतः परक्यांच्या तुरुंगात खटल्यावाचून वर्षे काढली, त्यांना या कायद्याची धार माहीत होती. कायदाही एका वर्षापुरताच केला होता. परिस्थितीची अडचण खरी, मनाची तडफड खरी. पण हिशेबात पुढची नोंदही तितकीच खरी आहे: वर्षापुरता आणलेला तो कायदा मुदत वाढवत वाढवत 1969 च्या अखेरीपर्यंत चालला. पहिल्या मताला झोपमोड करावी लागली. पुढच्या मुदतवाढी सवयीने होत गेल्या. म्हणून तिसरा प्रश्न: कायदा आणताना दिलेले वचन मुदत संपल्यावर पाळले गेले का, आणि मुदतवाढीच्या वेळी आपला माणूस काय म्हणाला?

1969 नंतर फार काळ गेला नाही. 1971 साली अंतर्गत सुरक्षा कायदा, म्हणजे ज्याला लोक 'मिसा' म्हणतात, तो आला. बांगला देशाच्या प्रश्नाचे ते दिवस. जून 1975 मध्ये आणीबाणी पुकारली गेली आणि त्याच मिसाखाली देशभर हजारो माणसे तुरुंगात गेली. महाराष्ट्रातील येरवडा आणि नाशिकरोडचे तुरुंगही भरले. सुपातले हसतात आणि जात्यातले रडतात, असे आपल्याकडे म्हणतात. फौजदारी कायद्याचे जाते असे आहे, की सुपातला दाणा जात्यात केव्हा पडेल याचा नेम नाही. ज्याच्या हातून कायदा झाला, तो उद्या सत्तेबाहेर असतो आणि कायदा मात्र तेथेच असतो.

1976 साली घटनेची 42 वी दुरुस्ती झाली. नागरिकांच्या हक्कांवर तिने मोठे घाव घातले. पुढे 1977 साली सत्ता बदलली आणि 1978 साली 44 व्या दुरुस्तीने त्यांतले पुष्कळसे दुरुस्त केले. जीविताचा आणि स्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही तहकूब करता येणार नाही, ही तरतूद त्याच दुरुस्तीची. आता गंमत बघा. लोकसभा निवडणुकीने बदलली होती. पण राज्यसभा एकदम बरखास्त होत नाही, दर दोन वर्षांनी एक तृतीयांश सभासद निवृत्त होतात. त्यामुळे राज्यसभेत काँग्रेस पक्षाचे बहुमत 1976 सालीही होते आणि 1978 सालीही. काही कलमे गाळून का होईना, त्याच सभागृहाने 44 व्या दुरुस्तीला संमती दिली. माणसाने मत बदलावे काय? बदलावे, चूक कळली तर अवश्य बदलावे. पण मत का बदलले हे त्याने चारचौघांत सांगावे. मुकाट्याने बदललेले मत आणि कबूल करून बदललेले मत, यांची किंमत सारखी नसते. हा आपला चौथा प्रश्न: खुर्ची बदलली तेव्हा मतही बदलले का, आणि बदलले तर कारण सांगितले का?

हा प्रश्न कोणत्याही एका पक्षाला विचारून भागत नाही. 'टाडा' हा कायदा 1985 साली काँग्रेस सरकारने आणला. 1995 साली तो संपला. 2002 साली वाजपेयी सरकारने 'पोटा' आणला, तेव्हा काँग्रेस पक्षाने त्याला कडाडून विरोध केला. लोकसभेत विधेयक मंजूर झाले. राज्यसभेत 98 विरुद्ध 113 मतांनी पडले. म्हणून 26 मार्च 2002 रोजी दोन्ही सभागृहांची संयुक्त बैठक भरली आणि 425 विरुद्ध 296 मतांनी कायदा झाला. 2004 साली नव्या सरकारने पोटा रद्द केला. पण त्याच वर्षी त्यातल्या दहशतवादविषयक काही तरतुदी जुन्या बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्यात आणून बसवल्या. पाटी पुसली, पण अक्षरे दुसऱ्या पाटीवर उमटली. आपल्या महाराष्ट्रातही तेच दिसते. संघटित गुन्हेगारीविरुद्धचा 'मोक्का' 1999 साली शिवसेना-भाजप युतीच्या सरकारने आणला. त्याच वर्षी सत्ता काँग्रेस आणि राष्ट्रवादी काँग्रेसकडे गेली. कायदा राहिला आणि वापरलाही गेला. हे कायदे आवश्यक होते की नव्हते, यावर शहाण्या माणसांत मतभेद आहेत आणि असू द्यावेत. माझे म्हणणे एवढेच, की सत्तेत असताना एक आणि विरोधात असताना दुसरे, असे बोल ऐकले की मागचे पान उलटून पाहावे.

आता तुम्ही म्हणाल, "गुरुजी, पान उलटायचे खरे, पण त्यात नाव सापडेल का?" रास्त शंका आहे. संसदेत बहुतेक विधेयके आवाजी मताने मंजूर होतात. अध्यक्ष विचारतात, अनुकूल असतील त्यांनी 'होय' म्हणावे, प्रतिकूल असतील त्यांनी 'नाही' म्हणावे. आणि ज्या बाजूचा आवाज मोठा वाटेल त्या बाजूने निकाल देतात. कोणी आग्रहाने मतविभागणी मागितली, तरच नावनिशीवार नोंद होते. लोकसभेत त्यासाठी 1957 पासून मते नोंदवणारे यंत्रही आहे. घटनादुरुस्तीला ठरावीक बहुमत लागते, म्हणून तेथे मते मोजावीच लागतात. एरवी मोजणी होतेच असे नाही. 1860 च्या दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, तिच्यासोबत आणखी दोन मोठे फौजदारी कायदे बदलले. डिसेंबर 2023 मध्ये ही तिन्ही विधेयके आवाजी मतानेच मंजूर झाली. विरोधी बाकांवरील बरेच सभासद त्या वेळी निलंबित होते. 1 जुलै 2024 पासून हे कायदे देशभर लागू झाले. ज्या कायद्यांनी पोलीस ठाण्यापासून न्यायालयापर्यंतचा सारा व्यवहार चालायचा, त्यांच्या बाजूने कोणते नाव आणि विरुद्ध कोणते, अशी यादी काढू म्हटले तर मिळत नाही.

दुसरी अडचण पक्षादेशाची, ज्याला 'व्हिप' म्हणतात त्याची. 1985 च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर पक्षाचा आदेश मोडून मत दिले तर सभासदत्व जाऊ शकते. पैसे घेऊन पक्ष बदलणाऱ्यांना आळा बसावा हा हेतू चांगलाच; पण त्यामुळे सभासदाच्या मतावरून त्याचे मन ओळखणे अवघड झाले. म्हणजे आपला पहिला प्रश्न, मोकळेपणाचा, आजही तितकाच लागू आहे.

मग तपासावे कसे? मताची यादी नसेल तेथे भाषण पाहावे. संसदेच्या आणि विधिमंडळाच्या कामकाजाचे वृत्तांत छापले जातात, आता ते घरबसल्याही वाचता येतात. आपला प्रतिनिधी त्या दिवशी हजर होता का? बोलला का? कलमावर दुरुस्ती सुचवली का? मतविभागणी मागितली का? दुरुस्तीला पाठिंबा देणे आणि अखेरच्या विधेयकाला पाठिंबा देणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हेही ध्यानात ठेवावे. रौलटच्या वेळी दुरुस्त्या सुचवणारेच शेवटी विरुद्ध मत देणारे होते. आणि एकाच मतावरून माणसाला साधू किंवा चोर ठरवू नये. एका पावसावरून मृग बरा की वाईट हे शेतकरी ठरवत नाही. तो सारे नक्षत्र पाहतो.

शिक्षक बंधुभगिनींना एक सूचना करतो. नागरिकशास्त्राच्या तासाला वर्गात एखादा साधा ठराव मांडा. वर्गात उशिरा येणाऱ्याला त्याचे म्हणणे न ऐकताच शिक्षा द्यावी, हा घ्या. आधी आवाजी मत घ्या. मग फळ्यावर एकेकाचे नाव लिहून 'होय' किंवा 'नाही' विचारा. आवाजात ओरडणारी पुष्कळ मुले नावापुढे 'होय' लिहिण्याची वेळ आली की विचारात पडतात, असे तुम्हांला दिसेल. आठवडाभराने, त्यांतलेच कोणी उशिरा आले, की तो फळा पुन्हा त्यांच्यापुढे ठेवा. रौलटपासून पोटापर्यंतचा इतिहास त्यांना त्या दिवशी जेवढा समजेल, तेवढा घोकून समजणार नाही.

आणि गावकरी मंडळींना सांगणे एवढेच. पुढच्या निवडणुकीत उमेदवार दारात येईल, हात जोडील, रस्त्याचे आणि पाण्याचे बोलेल. रस्ता आणि पाणी हवेच. पण त्याला ओट्यावर बसवून, पाण्याचा तांब्या पुढे ठेवून, सौजन्याने एक प्रश्न जास्त विचारा: "साहेब, माणसाला तुरुंगात घालायचा अमुक कायदा झाला, त्या दिवशी आपण कोठे होता आणि काय म्हणालात?" तो उत्तर काय देतो हे पाहाच, पण हा प्रश्न गावात विचारला जातो, एवढे त्याला कळले तरी पुढच्या वेळी सभागृहात हात वर करण्याआधी तो क्षणभर थांबेल. ग्रामसभेच्या वहीतही यापुढे 'सर्वानुमते' लिहिण्याआधी एकदा हात मोजून घ्या, आणि नावे लिहून ठेवा.